एका ओळीत मारलेल्या काकांना

जालना,
घटस्थापनेचा आदला दिवस

तीर्थस्वरूप कडूबाकाका यांस हरिओमचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे मजेत आहे. तुम्हीही तिकडे मजेत असाल, असं पुढचं वाक्य लिहायची रीत आहे, पण तुमच्या बाबतीत ते लिहिताना माझा हात अडतो. तुम्ही चांगले धडधाकट असताना मी तुम्हाला एकदा कागदावर मारून मोकळा झालेलो आहे (आणि त्याबद्दल पहिलं बक्षीसही घेतलेलं आहे). अशा माणसानं तब्येतीची चौकशी केली तर ती खाटकानं बकऱ्याला ‘बरा आहेस ना’ विचारल्यासारखी वाटते. शिवाय तुमची तब्येत मला ठाऊक आहे. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही शेडनेटमध्ये मिरचीच्या सरीत मधेच खाली बसलात, घामानं निथळलात, आणि क्रॉसिंगला, म्हणजे कळ्यांना पराग लावायला, आलेल्या बायकांना सांगितलंत की चपलेचा अंगठा तुटला. (चप्पल शाबूत होती. मावशीनं उचलून बघितली.) मग मावशीनं तुम्हाला अंबडला नेलं, अंबडच्या डॉक्टरांनी जालन्याला धाडलं, आणि जालन्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत, संभाजीनगरला जाऊन ऑपरेशन करून घ्या आणि दिवस काढू नका. त्यावर तुम्ही म्हणालात, "क्रॉसिंग चालू हाये साहेब. कळ्या थांबत न्हाईत." डॉक्टर म्हणाले, "कळ्या थांबत नसतील, हे थांबतं." तुम्ही मान डोलावलीत, घरी आलात आणि हातपाय धुऊन परत मिरचीत गेलात. त्या दवाखान्यापासून माझी खोली पायी दहा मिनिटांवर आहे, काका. मला हे सगळं चौथ्या दिवशी मावशीच्या फोनवरून कळलं.

तेव्हापासून मी तुम्हाला बरेच फोन केले. प्रत्येक वेळी दवाखान्याचा ‘द’ उच्चारला की तुम्ही "हॅलो, हॅलो, आवाज येऊन न्हाई राह्यला" म्हणून ठेवून देता. आवाज येतो. मागून मावशी तुम्हाला काय काय बोलते तेसुद्धा मला स्वच्छ ऐकू येतं. गेल्या रविवारी मी मोटरसायकल काढून प्रत्यक्ष आलो, तर तुम्ही शेडनेटच्या आत पार शेवटच्या सरीत जाऊन बसलात, आणि दारावरच्या बाईकडून निरोप धाडलात की प्लॉटात बाहेरच्या माणसाला परवानगी नाही, कंपनीचा नियम आहे. त्या बियाणे कंपनीच्या नोकरीत तो नियम मीच छापलेला आहे. म्हणून हे पत्र. पत्राला ‘आवाज येत नाही’ म्हणता येत नाही आणि पोस्टमन शेडनेटच्या दारातून आत सरकवू शकतो.

पण घाबरू नका, या पत्रात ऑपरेशनचा विषय नाही. आला तेवढा आला. पत्राचं कारण वेगळंच आहे. आमच्या कॉलेजची स्मरणिका निघते आहे, आणि संपादकांनी मला विचारलं आहे की, कॉलेजात असताना लिहिलेल्या कोणत्या निबंधानं तुम्हाला लिहिण्याबद्दल सर्वांत जास्त शिकवलं, ते कळवा. (मी लेखक झालो अशी त्यांची समजूत असावी. मी बियाण्याच्या पाकिटामागचा मजकूर लिहितो. ‘दोन ओळींतील अंतर तीन फूट ठेवावे’ हे माझं सर्वाधिक वाचलं गेलेलं वाक्य.) आता या प्रश्नाचं उत्तर तुमच्याशिवाय देता येत नाही, आणि तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल एकदा लिहून मी काय करून ठेवलं हे राजूरच्या तुमच्या अख्ख्या भावकीला माहीत आहे. तेव्हा या खेपेला आधी तुम्हाला वाचायला पाठवतो. पेन हातात घेऊनच बसला असाल, ते एक बरं आहे.

तर मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. तीर्थपुरीच्या पुढच्या आमच्या गावाहून अंबडला दोन बस बदलून यावं लागायचं, त्यातली एक आली तर यायची. म्हणून अकरावीला आईनं मला ‘चार दिवस मावशीकडं राहा, मंग बघू’ म्हणून तुमच्याकडं सोडलं, आणि ते चार दिवस सात वर्षं चालले. सात वर्षांत तुम्ही मला ‘घरी कधी जातोस’ असं एकदाही विचारलं नाही. (मावशीनं विचारलं, पण ती तुम्हालाही विचारते.) तुम्हा दोघांना मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. माझं मात्र सगळं बोललं जायचं. माझे मार्क, माझे केस, माझी उशिरा उठायची सवय, सगळं जेवताना ताटावर यायचं आणि भाजीआधी संपायचं.

त्या वर्षी कॉलेजात निबंधस्पर्धा निघाली. विषय ‘माझे दैवत’. मराठीचे सर म्हणाले होते की निबंध वाचून डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मी मागचे वार्षिक अंक काढून बघितले, तर बक्षीस मिळालेल्या प्रत्येक निबंधात एक माउली, एक फाटकं लुगडं, एक विळा आणि घरातलं कुणीतरी वारलेलं. माझी स्वतःची आई या कामी उपयोगाची नव्हती, ती खाऊनपिऊन सुखी होती आणि गावात खोखो हसण्याबद्दल प्रसिद्ध होती. मग मी मावशीला धरलं. पण मावशीचीही अडचणच होती. ती तुमचा जुना फुलशर्ट साडीवर चढवायची, डोक्याला रुमाल, पायात चप्पल, शर्टाच्या खिशात गाणी वाजवणारा मोबाइल, आणि बारा बायकांना दम देत चिमट्यानं मिरचीच्या कळ्या अशा उघडायची की कंपनीचा सुपरवायझर बाकीच्यांना तिच्याकडं बघायला सांगायचा. असल्या बाईला बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार? (मिरची हाताळून डोळे चोळले तरच.) मग मी तिला निबंधासाठी तयार केलं. शर्ट काढला, लुगडं फाडलं, चप्पल काढून घेतली, हातात विळा दिला (मिरचीत विळ्याचं काय काम, हे सरांनाही सुचलं नाही), भाकरी करपवली आणि वर बारीक खोकला लावला. एवढं करूनही निबंध पाहिजे तेवढा पाझरेना. तेव्हा इतिहासाच्या तासाला, मागच्या बाकावर बसून, मी ती ओळ लिहिली : ‘काका आम्हाला पोरके करून गेले, त्याला अजून वर्षही झाले नाही.’ आणि निबंधात काहीतरी खरं असावं म्हणून तुमचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव घातलं. तुम्हाला वारून अर्धा तास झाला असेल नसेल, तोच शिपाई सांगत आला की गेटवर कुणीतरी आलंय. मी घरी विसरलेला डबा घेऊन तुम्ही उन्हात उभे होतात. मेथीची भाजी होती. मी ती सगळी खाल्ली.

पहिलं बक्षीस मिळालं. सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला, मधे चष्मा काढून पुसला, आणि मुलींच्या बाजूला प्रियदर्शनी नावाची राजूरची एक मुलगी हमसून हमसून रडली. मला कोण आनंद झाला! ती तुमच्या चुलतभावाची, रामरावबाबांची लेक आहे, हे मला कुठून ठाऊक असणार? अर्ध्या तालुक्याचं आडनाव तेच. ती नुकतीच होस्टेलला आलेली, तुम्हाला तिनं लग्नाकार्यात लांबून पाहिलेलं. दिवाळीच्या सुटीत वार्षिक अंक हातात पडला तशी ती तो घेऊन घरी गेली, रामरावबाबांनी गणपतीच्या देवळाजवळच्या त्यांच्या दुकानात बसून निबंध वाचला, आणि दुःखापेक्षा आधी त्यांना राग आला, की सख्ख्यासारखा चुलतभाऊ गेला, दहावा झाला, तेरावा झाला, आणि आपल्याला साधा निरोप नाही! त्यांनी फोन का नाही केला, असं मी त्यांना पुढं एकदा विचारलं. "अरे मेलेल्या माणसाला फोन कोन लावतं?" असं ते म्हणाले, आणि त्यात चूक काढता येईना.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते लिहायला आवडतं, म्हणून लिहितो. भाऊबीज आटोपताच रामरावबाबा जीप भरून दुखवटा घेऊन आले. मावशीला फिकं लुगडं, घरच्या पुरुषांना टोपी-टॉवेल, रीतीप्रमाणे सोबत शिजवलेला भात आणि पिठलं. जीपमधल्या बायकांनी, रीतीप्रमाणेच, वेशीपासून गळा काढला. तो गळा ऐकून तुम्ही शेडनेटमधून बाहेर आलात. कुणीतरी गेलं हे तुमच्या ध्यानात आलं. तुम्ही हात धुतले, खुंटीवरची टोपी घातली, आणि मयताच्या घरी बसायला जावं तसे हळूहळू येऊन आपल्याच ओसरीवर, त्या माणसांत, खाली मान घालून बसलात. थोडा वेळ गेला. मग तुम्ही शेजारच्या माणसाला हलक्या आवाजात विचारलंत, "कोन गेलं हो?" रामरावबाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "तू!"

त्यानंतर जे झालं त्यात मला रामरावबाबांची बाजू पटते. माणूस जिवंत निघाला म्हणून राग लगेच उतरत नाही. "मेला न्हाईस तर मंग तसं कळवायचं तरी! आम्ही जीप करून आल्तो," असं ते पुनःपुन्हा म्हणत राहिले, आणि तुम्ही "चुकलंच भाऊ" म्हणत त्यांना चहा पाजत राहिलात. तेवढ्यात मावशी कपाळभर कुंकू आणि अंगात तुमचा शर्ट अशी आतून आली, तशा रडणाऱ्या बायका हुंदक्याच्या मधोमध थांबल्या. मग प्रश्न पडला दुखवट्याचा. आणलेला दुखवटा परत नेऊ नये, आणि धनी समोर बसलेला असताना तो घेऊही नये. त्यावर तासभर चर्चा झाली. शेवटी भात-पिठलं सगळ्यांनी मिळून खाल्लं, आणि ते लुगडं शेडनेटच्या दाराला पडदा म्हणून लागलं. तीन हंगाम टिकलं. पोत चांगला होता असं मावशी अजून म्हणते.

आणि जेवणानंतर रामरावबाबांनी खिशातून अंक काढला आणि सगळ्यांसमोर निबंध मोठ्यांदा वाचला. मी कणगीच्या मागं होतो. मावशी ओळीओळीला हरकत घेत होती. ‘फाटके लुगडे’ आल्याबरोबर ती आतून पेटी ओढत घेऊन आली आणि पाहुण्यांना एकेक साडी उलगडून दाखवली. ‘करपलेली भाकरी’ ऐकून तर तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं (सरांची अट इथं पूर्ण झाली), आणि ती माझ्याशी पुढं दोन दिवस बोलली नाही. आपल्याला विधवा केलं आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि भाकरीपुढं तिला ते किरकोळ वाटलं, हे मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही मात्र रामरावबाबांच्या हातातून अंक घेतलात आणि गुंडाळून खिशात ठेवलात. मला वाटलं होतं तुम्ही माराल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला उठवलंत. अंकाची गुंडाळी खिशात, आणि प्लॉटाची वही भरायचं ते निळं पेन. भेसळ काढायची तुमची ती वेळ. (हे स्मरणिकेसाठी खुलासेवार लिहितो, तुम्हाला सांगायची गरज नाही : बियाण्याच्या प्लॉटात एखाददुसरं झाड वेगळ्याच जातीचं उगवतं. दिसायला तेही हिरवंगार असतं, पुष्कळदा चांगल्या झाडापेक्षा जास्तच तजेलदार असतं. पण त्याचा पराग इकडंतिकडं गेला की सगळं बियाणं बिघडतं आणि प्लॉट नापास होतो. म्हणून रोज सकाळी एकेक सरी चालायची, प्रत्येक झाडाकडं बघायचं, आणि भेसळीचं दिसलं की दया न करता उपटायचं.) त्या दिवशी तुम्ही सरीत शिरला नाहीत. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मला बसवलंत, अंक उघडलात आणि म्हणालात, "वाच. एक एक ओळ. आन् सांग, बराबर हाये का भेसळ."

मी वाचायला लागलो. ‘माझी मावशी ही करुणेची मूर्ती आहे.’ तुम्ही शेडनेटकडं कान दिलात. आतून ती एका बाईला कळी मोडल्याबद्दल झापत होती. "भेसळ," मी म्हणालो. तुम्ही ओळीवर काट मारलीत, सावकाश, सरळ, पट्टी लावल्यासारखी. ‘ती अनवाणी पायांनी काटे तुडवते.’ भेसळ. ‘तिच्या हातातील विळा हाच तिचा अलंकार.’ भेसळ. या ओळीवर तुम्ही थांबून खऱ्या कुतूहलानं विचारलंत, "इळा कशाला दिल्ता रे?" मी म्हणालो, शोभा येते. तुम्ही "असं असं" म्हणालात आणि काट मारलीत. पाच पानांचा निबंध, काका. ऊन कट्ट्यावर आलं तेव्हा त्यातली तीन वाक्यं उभी होती : माझी मावशी बुटकी आहे. तिला दिवसातून पाच वेळा चहा लागतो. ती मला हऱ्या म्हणते. बाकी सगळं उपटलं गेलं. मला रडू यायला लागलं होतं, पण ते अपमानाचं होतं, कारण ती तीन वाक्यं त्या उजाड पानांवर फार चांगली दिसत होती, आणि त्यांच्यासाठी मी काहीच कष्ट घेतले नव्हते.

मग मधे वगळून ठेवलेली ती ओळ आली. मी ती वाचली नाही, तुम्हीच वाचलीत. ‘काका आम्हाला पोरके करून गेले, त्याला अजून वर्षही झाले नाही.’ मी म्हणालो, भेसळ. पेन खाली आलं आणि कागदाला न टेकता थांबलं. तुम्ही म्हणालात, "ही राहू दे. कवातरी बराबर होईलच." आणि मग, मला वाटतं आपल्या सबंध आयुष्यात तुम्ही माझ्याकडं केलेली ही एकच तक्रार, तुम्ही अंकाकडं बघतच म्हणालात, "पर एका ओळीत मारलंस रे. बाईला पाच पानं, आन् मला एक ओळ. मानूस जायाला येळ लागतो हऱ्या. तेवढं तरी लिहायचं." आणि पेन खिशाला लावून तुम्ही सरीत गेलात.

मी तुमच्या मागून आलो आणि विचारलं, तुमच्यावर निबंध लिहू का? "माज्यावर काय लिहतोस, मिरचीवर लिही," असं तुम्ही म्हणालात. मग मी मिरचीवर लिहिलं. रोज सकाळी तुमच्या मागं सरीत चालायचं, कॉलेजातून आल्यावर लिहायचं, आणि संध्याकाळी तुम्ही पेन घेऊन बसायचात. अकरा दिवस लागले. चिमटा कसा धरतात, कळी किती फुगली की उघडायची, पराग लावल्यावर दोरा बांधताना मावशी जीभ किंचित बाहेर काढते, हे सगळं त्यात आलं, आणि मी न ठरवता तुम्हीही आलात, पाठमोरे, पुढं पुढं चाललेले, एका झाडापाशी थांबून विचार करणारे. पुढच्या वर्षी तो निबंध स्पर्धेला दिला. बक्षीस नाही. सरांनी शेरा मारला, ‘माहिती चांगली. भावना नाही.’ तो शेरा तुम्ही फार मनावर घेतलात. "भावना कुठं टाकायची राह्यली रे?" म्हणून आपण दोघं तो निबंध पुन्हा पहिल्यापासून चाळत बसलो, आणि मावशी आतून ओरडली की तुमची भावना सापडली असेल तर जेवायला या, भाकरी थंड होऊन राह्यल्या. मला वाटतं मी त्या संध्याकाळइतका सुखी पुन्हा झालो नाही.

तेव्हा स्मरणिकेला मी काय कळवू? शिकवलं ते बक्षिसाच्या निबंधानं की बिनबक्षिसाच्या, याचा मी आठवडाभर विचार केला. मला वाटतं, काट मारलेल्या निबंधानं. पाकिटामागं ‘भरघोस उत्पन्न’ लिहा असं साहेब म्हणतात तेव्हा अजूनही मला कट्ट्यावरचं ऊन आठवतं आणि मी ‘पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडावी’ लिहून टाकतो. तो अंक माझ्याजवळ आहे. मावशीचा फोन आला त्या दिवशी मी तो काढून बघितला. पाचही पानांवर तुमच्या निळ्या रेघा आहेत, आणि त्या तीन वाक्यांखेरीज ती एक ओळ मधे न खोडलेली उभी आहे. इतकी वर्षं मला ती बघून हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं. काका, मी घाबरलो आहे. वळसे न घेता लिहायचं तर एवढंच आहे. तुम्ही गेलात तर मला पाच पानंही पुरणार नाहीत, पन्नासही पुरणार नाहीत, आणि ती लिहून मी दाखवायची कुणाला?

मावशीला नमस्कार. तिच्या हातच्या भाकरीबद्दल मी या पत्रात एकही वाकडा शब्द लिहिलेला नाही, हे तिला वाचून दाखवा.

तुमचा,
हरिओम

ता. क. : स्मरणिका वगैरे काही निघत नाही. मला कुणी काही विचारलेलं नाही. कॉलेज सोडल्यापासून कॉलेजचा मला एकच फोन आला आहे, तो रक्तदान शिबिरासाठी होता. पण ‘ऑपरेशन करून घ्या’ एवढंच लिहिलं असतं तर तुम्ही दुसऱ्या ओळीला पत्र मावशीच्या हातात दिलं असतं.

ता. क. २ : डॉक्टरांकडून मी तारीख घेतली आहे. येत्या सोमवारी सकाळी सातला गाडी घेऊन दारात येतो. रामरावबाबाही सोबत येतात. (त्यांना मी सगळं सांगितलं. "या टायमाला तरी आधी कळवलंस," म्हणाले.) तुम्हाला उपाशीपोटी यायचं आहे, मावशीला डबा करू देऊ नका.

ता. क. ३ : मी महिन्याची रजा टाकली आहे. क्रॉसिंगचं मावशी बघेल, भेसळ मी काढीन. मला झाडं किती ओळखू येतात हे तुम्हाला माहीत आहेच. प्लॉट पास व्हावा असं वाटत असेल तर लवकर बरे होऊन परत या.

ता. क. ४ : दवाखान्याचा फॉर्म काल भरून दिला. सोबत कोण राहणार त्याचं नाव, नंबर, आणि शेवटी ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. ‘भाचा’ हे खरं होतं आणि त्या चौकोनात मावतही होतं. मी ‘मुलगा’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, येताना वडिलांचं आधार कार्ड आणा. तेवढं पेटीतून काढून ठेवा.